मालकाचा हात

जीपच्या हँडब्रेकचा दांडा बाबलमामानं छत्री अडकवायला ठेवला होता. ब्रेकची तार खाऱ्या हवेनं कधीच कुजून तुटली होती आणि नवी घालायचं राहून गेलं होतं. त्या दुपारी मी स्टिअरिंगमागे बसले तेव्हा छत्रीची मूठ माझ्या डाव्या गुडघ्याला लागली. मी ती काढून मागच्या बाकावर टाकणार, तेवढ्यात मामा खिडकीशी येऊन म्हणाला, “रवांदे ती थंयच. मगे माका सापडणा नाय.”

“मग उतारावर गाडी धरायची कशानं?”

“पायान,” तो म्हणाला. “आणि ही आसा मां दगड घेवन.”

ही म्हणजे मामी. जीपच्या मागच्या चाकापाशी एक काळा दगड पोटाशी धरून ती उभी होती. साडीचा काष्टा मारलेला, डोक्याला टॉवेल बांधलेला. मामानं लग्नापासून तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. घरात ‘अगो’, लांबून ‘आयकलंस’, आणि परक्यांपुढं ‘ही’. तिचं नाव शालन आहे हे मला आईकडून कळलं होतं. मामी त्यावरून त्याला टोमणे मारायची. म्हशीलासुद्धा नाव घेऊन हाक मारतात, मी काय म्हशीपेक्षा वाईट, असं ती चारचौघांत म्हणायची आणि मामा कान खाजवत निघून जायचा.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. कोल्हापुरातल्या एका दैनिकात उपसंपादक होते आणि दिवाळीची उरलेली रजा काढायला आडबंदरला मामाकडे आले होते. आडबंदर म्हणजे खाडीच्या तोंडाशी असलेली एक वाडी. सकाळपासून रेडिओवर एकच बातमी होती: अरबी समुद्रातलं वादळ वळलं आहे आणि रात्रीपर्यंत किनाऱ्याला लागेल. वाडीतली सगळी गडीमाणसं पलीकडच्या मोठ्या बंदरात गेली होती, तिथल्या ट्रॉलर आणि होड्या वर घ्यायला. मामाची जीप चालवणारा सुहासही त्यांच्याबरोबर गेला. मामाची होडी तेवढी अलीकडच्या काठाला राहिली होती, कारण सकाळी तिचं इंजिन सुरू झालं नव्हतं.

ही होडी फायबरची होती. पर्यटकांना खाडीत फिरवायला आणि डॉल्फिन दाखवायला घेतलेली. तिच्या आधीची लाकडी होडी अशाच एका वादळात दगडावर आपटून फुटली होती. तिसरी होडी घ्यायचं मामाचं वय राहिलं नव्हतं. तो हे बोलला नाही, पण दुपारी जेवताना त्यानं दोनदा ताटावरून उठून खाडीकडे बघितलं, आणि दुसऱ्यांदा आल्यावर मला विचारलं, “तुका गाडी येता मां?”

येत होती. कोल्हापूरच्या सपाट रस्त्यांवर मी वर्षभर मैत्रिणीची मोटार चालवली होती, लायसन्स होतं. मागं ट्रॉली जोडून ओल्या उतारावरून होडी ओढायची, हे मी कधी पाहिलंही नव्हतं. मामाला होडी ट्रॉलीवर बसवायला पाण्यात राहणं भाग होतं. मामीला गाडी येत नव्हती. उरले मी.

वाडीच्या खाली होड्या चढवण्या-उतरवण्यासाठी काँक्रीटचा उतार बांधला होता. त्याला सगळे रॅम्प म्हणत. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवर त्यावर हिरवं शेवाळ होतं. खालचं टोक लाटांनी खचलं होतं, कड तुटून तिच्याखाली पोकळी झाली होती. ओहोटीला ती कड दिसायची. आता भरती चालू होती, त्यामुळे दिसत नव्हती.

वर सपाटीवर मामानं मला जीपचे गिअर आणि ब्रेक दाखवले; तिथून ती मागं घेत पाण्यापर्यंत नेण्याचं काम त्यानंच केलं. त्या जीपची आणखी एक खोड त्यानं मला तेव्हा सांगितली: पहिला गिअर उतारावर आपोआप निसटतो. म्हणजे गाडी गिअरवर उभी करून सोडण्याचाही भरवसा नाही. जोवर गाडी उतारावर आहे तोवर कुणाचा तरी पाय ब्रेकवर पाहिजे. त्यानं पाय ब्रेकवर ठेवूनच मला शेजारून आत घेतलं, माझा पाय त्याच्या पायाशेजारी ब्रेकवर आला, मग त्यानं आपला काढला. मामीनं चाकामागं दगड सरकवला. तो शेवाळावर नीट बसत नव्हता, म्हणून ती त्यावर पाय रोवून उभी राहिली.

मामा पाण्यात गेला. होडी तरंगत ट्रॉलीवर आणली, पुढून दोरीनं आवळली, आणि मागं जाऊन तिच्या उजव्या कोपऱ्याशी उभा राहिला. खिडकीबाहेरच्या आरशात मला तो तिथं दिसत होता. पाणी त्याच्या कमरेला होतं. ढग इतके खाली आले होते की पलीकडचा काठ दिसत नव्हता. वारा खाडीकडून येत होता आणि त्याला डिझेलचा आणि कुजक्या माशांचा वास होता.

“कोल्हापूरकरीण,” मामीनं खालून विचारलं, “पेपरात रोज वादळां छापतास. भियालंस?”

“नाही,” मी म्हणाले. ते खोटं होतं. मी क्लच आणखी घट्ट दाबला.

मामानं हाक दिली, “हेऽऽय हय्या.”

मी क्लच सोडला, रेस दिली. जीप पुढं सरकली. मागून दोरीला ताण बसल्याचा, ट्रॉली कुरकुरल्याचा आवाज आला. आम्ही चढत होतो. मी आरशात पाहिलं, मामा होडीला खांदा देऊन मागून येत होता. शेवाळ संपून कोरडं काँक्रीट सुरू व्हायला जीपची एक लांबी उरली असेल.

तेव्हा मामानं ओरडून सांगितलं, “रवा.”

रवा म्हणजे थांबा. वाडीत होड्या पिढ्यान्‌पिढ्या हातानं ओढल्या गेल्या आहेत. हय्या म्हटलं की सगळ्यांनी एकदम ओढायचं, रवा म्हटलं की थांबायचं. खाली ओंडका सारायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा हय्या. तसं केलं नाही तर माणसं दमतात आणि होडी निसटते. मामानं हे आयुष्यभर केलं होतं. ते त्याच्या तोंडून आपसूक निघालं, आणि माझा पाय तितक्याच आपसूक ब्रेकवर गेला.

इंजिन बंद पडलं. चाकं जागच्या जागी अडली, पण जीप थांबली नाही. अडलेल्या चाकांनिशी ती शेवाळावरून सावकाश मागं घसरू लागली. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. काही उपयोग नव्हता. मामी दगड घेऊन चाकाबरोबर मागं मागं येत होती, दगड सारत होती, तो निसटत होता. मग मागून धाडकन आवाज आला आणि जीप हिसका बसून थांबली. ट्रॉलीचं मागचं चाक रॅम्पच्या तुटक्या कडेवरून खाली गेलं होतं. मामीनं दगड चाकाखाली कोंबला आणि त्यावर दोन्ही पायांनी उभी राहिली.

आरशात मामा दिसत नव्हता.

नंतर दिसला. लाट ओसरली आणि त्याचं डोकं वर आलं. त्यानं दोन्ही हातांनी होडीची कड धरली होती. तोंड होडीकडं वळलेलं. काही वेळ तो तसाच होता, मग माझ्याकडं वळून हसला.

मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. खिडकीतून डोकं काढून, जितकं मोठ्यानं ओरडता येईल तितकं. जीप आणखी घसरली तर ट्रॉली आणि होडी दोन्ही तुझ्या अंगावर येतील, बाजूला हो, वर ये, आधी तू वर ये.

“नाय,” तो म्हणाला. “मी हयच बरो.”

“मामा, मागं काय काम आहे तुझं?”

त्यानं होडीच्या कडेवरच्या आपल्या हातांकडं बघितलं. “रीत आसा,” तो म्हणाला. “होडी पाण्यातसून सुटापर्यंत मालकाचो हात तिच्यावरसून काढूचो नाय. हात काढलो की होडी पाण्याची.”

मी मामीकडं पाहिलं. तिनं काही तरी बोलून त्याला वर आणावं अशी माझी अपेक्षा होती. ती दगडावर उभी होती, वाकून पाण्याकडं बघत. तिनं मान वर केली नाही.

“अगदी खरा,” ती म्हणाली. “आमच्याकडे तसाच करतत.”

मला संताप आला. इतका की काही क्षण भीती मागं पडली. या किनाऱ्यावर अशा रीतीपायी माणसं गेल्याच्या बातम्या मी स्वतः लावल्या होत्या. दोन ओळींचा मथळा, आत मृताचं नाव आणि वय. मी सांगितलं, होडी जाऊ दे. दोरी तोड, होडी सोडून दे, जीप रिकामी वर घेऊ. तो नाही म्हणाला. मग मी म्हणाले, मी उतरते, रस्त्यावर जाऊन माणसं बोलावते.

“ब्रेकवरचो पाय काढू नको.” हे तो ओरडला. बाकी सगळं शांतपणे बोलला होता.

“मग मामी जाईल.”

मामी खरंच दगडावरून एक पाय खाली ठेवत होती. तेव्हा मामानं तिला हाक मारली.

“शालन,” तो म्हणाला. “दगड सोडू नको.”

मामीनं पाय परत दगडावर ठेवला. तिचा चेहरा मला वरून दिसत नव्हता, डोक्यावरच्या टॉवेलची गाठ तेवढी दिसत होती. मग एका पायानं दगड दाबून धरत ती दुसऱ्या पायावर वाकली आणि शेजारी पडलेली गोणपाटं ओढून जीपच्या चाकांपुढं कोंबू लागली. रॅम्पच्या कडेला वारा वाळू आणून टाकतो, ती ओंजळीओंजळीनं गोणपाटावर टाकली. हाताला लागेल तितकीच. दगडावरचा पाय तिनं उचलला नाही.

पाणी चढत होतं. कमरेला होतं ते आता मामाच्या छातीला आलं होतं, आणि लाट आली की खांद्यापर्यंत. होडी लाटेबरोबर वर उचलली जायची आणि खाली आपटायची. ती आपटली की लोखंडाचा दणका जीपच्या पत्र्यातून माझ्या पाठीत यायचा. प्रत्येक दणक्याला मामाचा चेहरा आखडायचा. मला वाटलं, होडीच्या काळजीनं.

मी इंजिन सुरू केलं. क्लच सोडला. चाकं गोणपाटावर फिरली, जळक्या रबराचा वास आला, जीप बोटभर पुढं गेली आणि परत दगडावर येऊन टेकली. मामीचा पाय दगडावर होता. तिनं काढला नाही. पुन्हा केलं. या वेळी मी घाबरून क्लच फार लवकर सोडला आणि इंजिन पुन्हा बंद पडलं.

मी रडायला लागले. हुंदके नव्हते, डोळ्यांतून नुसतं पाणी गळत होतं. दोन्ही पाय एकाच वेळी थरथरत होते आणि ब्रेकवरचा पाय थरथरतो आहे या विचारानं ते आणखी वाढत होतं. माझं सगळं वजन त्या पायावर होतं आणि त्या पायावर मामा होता. मला आजही उतारावर सिग्नलला गाडी थांबली की पहिल्यांदा तो पाय जाणवतो.

“चेडवा,” मामानं हाक मारली. आवाज नेहमीचा, अंगणातून हाक मारावी तसा. “आयक. तू चुकणा नाय. वजन जास्त आसा. लाट येतली तेव्हा होडी उचालता. तेव्हा ती हलकी. तेव्हाच सोडूचा. मी हय्या म्हणतलंय, तेव्हा सोड. मगे काय झाला तरी थांबा नको.”

“आणि तू रवा म्हणालास तर?”

“नाय म्हणूचंय.” तो हसला. “चूक माझीच. जीप दमता काय कधी?”

मग तो म्हणाला, आरशात बघू नको. मी विचारलं का, तर म्हणाला, बघून तू घाबरतेस. आणि मामीला म्हणाला, “शालन, आरसो फिरय.”

आरसा माझ्या खिडकीबाहेर होता, मामी त्याच बाजूला उभी होती. दगडावरून पाय न काढता ती ताणली, हात लांब करून तिनं आरसा दाबला. मला त्यात आता ढग दिसत होते. मामाचा फक्त आवाज उरला.

आवाजावर अवलंबून राहणं मला नवीन नव्हतं. रात्रपाळीला फोनवरून बातम्या घेताना मी माणसं न बघता त्यांच्या आवाजावरून खरंखोटं ओळखायचे. मामाच्या आवाजात त्या वेळी मला काहीच ओळखू आलं नाही. तो मला लाटा सांगत होता. ही लहान आहे, जाऊ दे. हीपण लहान. इंजिन चालू ठेव, रेस थोडी दे, क्लच वर घे, गाडीचं नाक उचलेल, तिथंच धर. मी धरलं. जीपचं पुढचं तोंड किंचित वर आलं, इंजिनाचा आवाज जड झाला. ब्रेकवरचा पाय मी टाच तशीच ठेवून आडवा केला. बोटं ब्रेकवर, कड रेसवर. वर सपाटीवर मामानं दाखवलं होतं तसं. डाव्या पायाची पोटरी पेटल्यासारखी दुखत होती.

“ही नको,” मामा म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात पाणी होतं. तो खोकला. मग थुंकला. “फुडची मोठी आसा. माका दिसता. तयार रव.”

मी तयार होते. वाऱ्याचा आवाज, इंजिनाचा आवाज. मी हय्याची वाट बघत होते. होडी उचलली जाताना ट्रॉली सैल झाल्याचा आवाज मागून आला. म्हणजे लाट आली होती. मामाचा आवाज आला नाही.

त्यानं हाक दिली नव्हती. हाक दिल्याशिवाय सोडू नको असं त्यानं सांगितलं नव्हतं, पण हाकेवर सोड असं सांगितलं होतं. मी थांबले. ते थांबणं क्षणापुरतं असेल.

“हय्या!”

ती हाक मामीची होती. वाडीत बायका होडीला हात लावतात, मासे उतरवतात, दोरी ओढतात, पण हाक देत नाहीत. ती गडीमाणसाचीच. मामीचा आवाज फाटला होता आणि ती थांबत नव्हती. हय्या, हय्या, हय्या, श्वास न घेता. मी क्लच सोडला आणि रेस शेवटपर्यंत दाबली.

चाकं फिरली, गोणपाट मागं फेकलं गेलं, मग टायरनं वाळू पकडली. जीप जागची उखडल्यासारखी पुढं गेली. मागं ट्रॉलीचं चाक कडेवरून वर येताना असा कडकडाट झाला की होडी मोडली असं मला वाटलं. मी थांबले नाही. शेवाळ संपलं, कोरडं काँक्रीट आलं, ते संपलं, नारळाच्या बुंध्यांमधली सपाट जागा आली, आणि तरी मी पुढं जात राहिले. जीपचं नाक कुंपणाच्या चिऱ्यांना टेकलं तेव्हा गाडी थांबली.

होडी ट्रॉलीवर होती. मी उतरून रॅम्पकडं पळाले. वाटेत दोनदा पडले.

मामी गळ्याइतक्या पाण्यात होती. तिनं मामाला मागून काखेत हात घालून धरलं होतं आणि त्याचं डोकं तिच्या खांद्यावर पडलं होतं. आम्ही दोघींनी त्याला ओढत वर आणलं. त्यानं बरंच पाणी ओकलं. मग डोळे उघडले आणि पहिल्यांदा होडी कुठं आहे ते बघितलं.

त्याचा उजवा पाय घोट्यापासून बाहेरच्या बाजूला वळलेला होता. पावलाच्या वरचं कातडं सोलून गेलं होतं, आत पांढरं दिसत होतं.

“हे कधी झालं?” मी विचारलं.

मामीनं डोक्याचा टॉवेल सोडला आणि त्याच्या घोट्याभोवती गुंडाळायला सुरुवात केली. मग मी रॅम्पच्या तुटक्या टोकाकडं पाहिलं, ट्रॉलीच्या मागच्या आडव्या लोखंडी पाइपकडं पाहिलं, आणि मला कळलं.

ट्रॉली कडेवरून खाली गेली त्याच वेळी पाइप आणि काँक्रीटच्या कडेमध्ये त्याचं पाऊल अडकलं होतं. तेव्हापासून तो हललाच नव्हता, कारण त्याला हलता येत नव्हतं. प्रत्येक लाटेला होडी आपटत होती ती त्याच्या पायावर. आणि पाणी चढत होतं.

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगलं असतंय तर तू काय केलं असतस?” मामा म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

मी जीपमधून उडी मारून पाण्यात गेले असते. ब्रेक सुटला असता, मामीच्या पायाखालचा दगड काही सेकंद टिकला असता, आणि जीप, ट्रॉली आणि होडी तिन्ही मिळून त्याच्या अंगावर गेली असती. त्याला हे पाण्यात उभं राहून, लोखंडाखाली पाय असताना, मी खिडकीतून ओरडेपर्यंतच्या वेळात कळलं होतं. आणि तेवढ्यात त्यानं एक रीत तयार केली होती.

पुढं बऱ्याच वर्षांनी, रविवारच्या पुरवणीसाठी, मी किनाऱ्यावरच्या होड्या ओढायच्या पद्धतींवर लिहिलं. तेव्हा वेगवेगळ्या बंदरांत जाऊन म्हाताऱ्या माणसांना मालकाच्या हाताविषयी विचारलं. कुणाला माहीत नव्हतं. मालक सगळ्यात पुढं दोरीवर असतो, असं सगळ्यांनी सांगितलं. एकानं मला उलट विचारलं, होडीच्या मागं कोण शहाणा उभा राहील? ती रीत मी लेखात घातली नाही.

त्या दिवशी मात्र वेळ नव्हता. आम्ही ट्रॉली सोडवून नारळांना बांधली, मामाला जीपच्या मागच्या बाकावर आडवं केलं, त्याचं डोकं मामीच्या मांडीवर. तालुक्याच्या इस्पितळाची वाट घाटीतून जाते. पाऊस आडवा लागत होता, काचेवरचा वायपर एकच चालत होता, आणि मी पुन्हा त्याच क्लचवर पाय ठेवून चढ चढत होते. मामा डोळे मिटून होता. मधूनमधून मामी त्याला काही विचारायची: थंडी वाजते का, पाणी हवं का, पाय दुखतो का. तो उत्तर देत नव्हता. ती पुन्हा विचारायची. तिचा आवाज प्रत्येक वेळी थोडा वर जात होता.

तिला बोलतं ठेवावं म्हणून मी विचारलं, “मामी, तुला कधी कळलं?”

“काय?”

“पाय अडकलाय ते.”

तिनं मामाचं डोकं मांडीवर नीट घेतलं.

“नाव घेतल्यानी तेव्हा,” ती म्हणाली. “रीत सांगल्यानी, तेव्हा वाटलां, काय तरी लपयतत. म्हणान मी हो म्हटलंय. मगे नाव घेतल्यानी. लग्नात घेतल्यानी होता एकदा. मगे नाय. मरताना घेतत असा नाव, बाय. नायतर कशाक घेतीत?”

पुढं वळण होतं आणि वळणापुढं त्या घाटीतला सगळ्यात मोठा चढ. समोरून एक ट्रक उतरत होता, मला थांबावं लागलं. मी ब्रेक दाबून धरला. मागं काही आवाज नव्हता. मामीनं पुन्हा त्याला विचारलं, दुखता काय. उत्तर आलं नाही. मग मामा हलल्यासारखा वाटला. मला मान वळवून बघायचं धाडस झालं नाही. मामीनं विचारणं थांबवलं. नाव घेतो की काय, याची ती वाट बघत होती, आणि आता मीही.

“अगो,” मामा म्हणाला. आवाज बारीक आणि कुरकुरता होता. “माझी छत्री खंय आसा?”

मी डावीकडं पाहिलं. ती हँडब्रेकच्या दांड्यावरच होती.

मागं मामी रडू लागली, त्या दुपारी पहिल्यांदा. ट्रक गेला. मी हळूहळू क्लच वर घेतला, जीपचं नाक उचललं, आणि आम्ही चढाला लागलो.